लाल रेघेचें औषध आणि त्याचें अनुपान

वैद्याकडून पुडी घेऊन उठतांना "अनुपान कोणतें?" हें विचारल्यावांचून आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी पूर्वीं दाराबाहेर पडत नसत. मधांतून, तुपांतून, आल्याच्या रसांतून कीं कोमट पाण्यांतून, सकाळीं अनशेपोटीं कीं रात्रीं निजतांना, हें सर्व नीट समजून न घेतां औषध घेणें म्हणजे अर्धेंच औषध घेणें, अशी त्यांची समजूत होती. आतां पुडी गेली आणि तिच्या जागीं रुपेरी पत्र्यांत बंद केलेल्या गोळ्या आल्या. पुडीबरोबर अनुपान विचारण्याची ती चांगली चालहि गेली. गोळी म्हणजे गोळी, ती चहाबरोबर गिळली काय नि दुधाबरोबर गिळली काय, सारखेंच, असा समज सुशिक्षित घरांतूनहि रूढ झाला आहे. पुष्कळ गोळ्यांच्या बाबतींत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या एका औषधकुलाविषयीं येथें लिहावयाचें योजिलें आहे, त्याच्या बाबतींत या बेफिकिरीनें बरा होत आलेला न्युमोनिया उलटूं शकतो, आणि दुसऱ्या बाजूनें चालतें-फिरतें माणूस खुर्चीला खिळूं शकतें.

या कुलाचें नांव फ्लुओरोक्विनोलोन. नांव जिभेला जड आहे खरें. परंतु पट्टीवरील बारीक छपाईंत औषधाच्या नांवाच्या शेवटीं 'फ्लॉक्सॅसिन' हीं अक्षरें आलीं कीं, 'कर' प्रत्ययावरून आडनांव ओळखावें तसें हें कुल ओळखतां येतें. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हीं त्यांतील आपल्याकडे नित्य आढळणारीं भावंडें. न्युमोनिया, मूत्रपिंडापर्यंत चढलेला मूत्रमार्गाचा जंतुदोष, हाडांत झालेला पू, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा दाह, आणि नेहमींच्या औषधांना दाद न देणारा क्षय, अशा कठीण प्रसंगीं डॉक्टर हें अस्त्र बाहेर काढतात. सर्दी-पडसें, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे रोग. त्यांवर याचा तिळमात्र उपयोग नाहीं.

अँटिबायोटिकला मराठींत 'प्रतिजैविक' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. व्युत्पत्तीचाच आग्रह धरला तर या कुलाला तें नांव शोभत नाहीं. एका जीवानें दुसऱ्या जीवाच्या नाशासाठीं निर्माण केलेलें द्रव्य, असा त्या संज्ञेचा मूळ अर्थ. पेनिसिलीन बुरशीपासून निघालें, स्ट्रेप्टोमायसीन मातींतील सूक्ष्म जीवापासून. आपल्या पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत पेनिसिलीन काढीत तें बुरशीची लागवड करूनच. हें कुल मात्र सर्वस्वीं रसायनशाळेंत जन्मलें. हिंवतापावरील क्लोरोक्वीन तयार करतांना जो आनुषंगिक पदार्थ हातीं येई, त्याचा पाठपुरावा करून अमेरिकेंतील जॉर्ज लेशर व त्यांचे सहकारी यांनीं १९६२ सालीं नॅलिडिक्सिक अॅसिड हें औषध सिद्ध केलें. तें मूत्रमार्गाच्या विकारापुरतेंच उपयोगी होतें. पुढें त्याच सांगाड्यावर फ्लुओरीनचा एक अणु बसविण्यांत आला आणि त्याचें सामर्थ्य अनेकपटींनीं वाढलें. जपानांत नॉरफ्लॉक्सॅसिन निघालें. १९८७ सालीं बायर या जर्मन कंपनीचें सिप्रोफ्लॉक्सॅसिन बाजारांत आलें. १९९३ सालीं जपानांतच लिव्होफ्लॉक्सॅसिन आलें. यांतील 'लिव्हो' म्हणजे वाम. ऑफ्लॉक्सॅसिनचे रेणु डाव्या-उजव्या तळहातांप्रमाणें दोन प्रकारचे असतात, आणि औषधाचा गुण जवळजवळ सगळा वामरूपांत असतो. म्हणून तें रूप तेवढें वेगळें काढलें. डाव्या हाताला आपण कोणत्याहि शुभकार्यांत पुढें येऊं देत नाहीं. येथें सारें काम त्यानेंच केलें आहे!

हें औषध जंतूला मारतें कसें, तें समजण्यासाठीं जानव्याच्या सुताची आठवण करावी. टकळीवर सूत कांततांना पीळ जास्त पडला कीं सूत स्वतःभोंवतींच गुंडाळूं लागतें, त्याला गांठी पडतात, आणि तो पीळ सोडविल्याशिवाय पुढें कांततां येत नाहीं. जंतूच्या देहांत त्याच्या आनुवंशिक गुणांचा जो दुपेडी धागा असतो, त्याची नक्कल होतांना नेमकी हीच अडचण उत्पन्न होते. ती दूर करण्यासाठीं जंतूजवळ गायरेज नांवाचें एक द्रव्य असतें. तें धागा मध्येंच कापतें, पीळ सोडवितें, आणि कापलेलीं टोकें पुन्हां सांधतें. आपलें औषध नेमकें या घटकेस आडवें येतें. धागा कापूं देतें, पण सांधूं देत नाहीं. तुटलेल्या धाग्यांनीं जंतु मरतो. आपल्या पेशींतील याच कामाचीं द्रव्यें घडणीनें बरींच वेगळीं असल्यामुळें नेहमींच्या मात्रेंत तीं या तावडींतून सुटतात.

याच्या सामर्थ्याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. १८९६ सालीं मुंबईंत आणि पुढल्या वर्षीं पुण्यांत प्लेगानें जो हाहाकार केला, गांवाबाहेर झोंपड्या घालून लोक राहिले, त्याच्या कथा आमच्या पिढीनें आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्या वेळीं त्या जंतूवर औषध म्हणून कांहींच नव्हतें. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला तो १९४३ सालीं. त्याच प्लेगावर वापरण्यास अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१२ सालीं लिव्होफ्लॉक्सॅसिनला संमति दिली. माणसांवर असा प्रयोग करणें शक्य नसल्यामुळें आफ्रिकेंतील एका जातीच्या वानरांवर झालेल्या प्रयोगांचा आधार त्यासाठीं घेण्यांत आला. ज्या औषधाची योग्यता एवढ्या थोर संकटांत उभें राहण्याची, तें जुलाबाच्या दोन चकरा झाल्या म्हणून फडताळांतून काढून घ्यावें काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां अनुपानाकडे वळूं. या औषधाचें अनुपान स्वच्छ पाणी, आणि तेंहि पेलाभर. यापलीकडे गोष्ट कोठें बिघडते तें पाहण्यासारखें आहे. या रेणूच्या एका बाजूला प्राणवायूचे असे अणु आहेत कीं ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, लोह, जस्त या धातूंना खेंकड्याच्या नांगीप्रमाणें घट्ट धरतात. पोटांत दोघांची गांठ पडली कीं जें जोडद्रव्य तयार होतें तें आंतड्यांतून रक्तांत नीट शोषलें जात नाहीं. गोळी पोटांत गेली, पण फुप्फुसापर्यंत पोंचली नाहीं! एरवीं लिव्होफ्लॉक्सॅसिन आंतड्यांतून जवळजवळ पूर्णपणें शोषलें जातें. म्हणूनच रुग्णालयांत शिरेंतून दिलेलें तें औषध रोगी सांवरतांच डॉक्टर तितक्याच मात्रेच्या गोळीवर आणूं शकतात. हा जो त्याचा मोठा गुण, तोच एका कॅल्शियमच्या गोळीनें मातींत जातो.

आमच्या शेजारच्या एका भरल्या घरांतील आजीबाईंना न्युमोनिया झाला. चार दिवस रुग्णालयांत काढून त्या घरीं आल्या. सूनबाई अत्यंत दक्ष. सकाळच्या सर्व गोळ्या एका चांदीच्या वाटींत काढून ठेवीत, म्हणजे विसर पडूं नये. रक्तदाबाची एक, हाडांसाठीं कॅल्शियमची एक, अंगांत रक्त कमी म्हणून लोहाची एक, आणि त्यांतच लिव्होफ्लॉक्सॅसिन. वर जळजळ होते म्हणून अॅसिडिटीचें पांढरें पातळ औषध दोन चमचे, आणि शेवटीं आजीबाईंचा नेहमींचा दुधाचा पेला. तिसऱ्या दिवशीं ताप पुन्हां चढला. डॉक्टरांनीं छाती तपासली, आणि नवें औषध लिहिण्यापूर्वीं एवढेंच विचारलें, "आजी, ही गोळी कशाबरोबर घेतां?" वाटी पुढें आणल्याबरोबर उलगडा झाला. औषध तेंच राहिलें. त्याची वेळ तेवढी पहांटेची झाली, कॅल्शियम आणि लोह दुपारच्या जेवणानंतर गेलें, पांढरें औषध रात्रीं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला. सूनबाईंचा यांत काय दोष? वाटींत गोळ्या नीट मांडण्याची दक्षता तिनें दाखविली होती. कोणती कोणाची वैरीण, हें तिला कोणी सांगितलेंच नव्हतें.

नियम असा आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि वर सांगितलेल्या धातूंचीं औषधें यांत निदान दोन तासांचें अंतर पुढें-मागें राहिलें पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन अधिक हट्टी आहे. तें धातूंच्या औषधापूर्वीं दोन तास तरी घ्यावें, नाहीं तर त्यानंतर सहा तासांनीं. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांतहि लोह आणि जस्त असतें, तेव्हां 'ती काय, ताकदीची गोळी!' म्हणून तिला सूट देऊं नये. दूध-दह्याचा अडथळा सिप्रोफ्लॉक्सॅसिनला स्पष्टपणें होतो. तें नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेऊं नये. जेवणांत वाटीभर दहीं इतर अन्नाबरोबर गेलें तर तेवढें चालतें. लिव्होफ्लॉक्सॅसिनला दूध इतकें बाधत नाहीं. पण घरांत दोन नियम ठेवले कीं दोन्ही मोडतात, यास्तव दोघांनाहि पाण्याचाच नियम लावलेला बरा.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, जी डॉक्टरांच्या ध्यानांत येण्याचा संभव कमी. शंखभस्म, प्रवाळभस्म, मंडूर, लोहभस्म हीं आम्ही औषध म्हणून मोजीतच नाहीं; 'चालूंच असतात' असें म्हणतों. शंख आणि प्रवाळ म्हणजे रसायनदृष्ट्या चुना, अर्थात् कॅल्शियमच. मंडूर म्हणजे लोखंडाचें कीट. ज्या न्यायानें कॅल्शियमची आणि लोहाची गोळी दूर ठेवावयाची, त्याच न्यायानें हींहि दूर ठेवलीं पाहिजेत. आयुर्वेदाचा यांत कांहीं कमीपणा नाहीं. विरुद्धाशनाचा विचार तर त्या शास्त्रानेंच आपणांस शिकविला.

पाणी भरपूर प्यावें, म्हणजे लघवी गढूळ होऊन औषधाचे कण मूत्रमार्गांत सांचत नाहींत. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांना पाणी मोजून सांगितलें आहे, त्यांनीं मात्र डॉक्टरांना विचारूनच. लिव्होफ्लॉक्सॅसिन बहुतेक सगळें मूत्रावाटेच बाहेर पडतें. म्हणून ज्यांचीं मूत्रपिंडें थकलीं आहेत त्यांना तें कमी मात्रेनें किंवा एकाआड एक दिवसानें द्यावें लागतें. शेजारच्या काकांना रोज एक होती म्हणून आपणहि रोज एक घ्यावी, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं. एखादे दिवशीं गोळी विसरली तर आठवतांच घ्यावी. पण जी दिवसांतून एकदांच घ्यावयाची ती भरपाई म्हणून एका दिवसांत दोनदां कदापि घेऊं नये.

दुसऱ्या औषधांशीं याचें जें वांकडें आहे, त्याचा पाढा लांब आहे. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्या जातीच्या, चालू असतां रक्तांतील साखर एकाएकीं घसरूं शकते. म्हाताऱ्या माणसाला घाम सुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें, तर 'वय झालें' असें न म्हणतां आधीं साखर द्यावी आणि लागलीच डॉक्टरांना कळवावें. रक्त पातळ ठेवणारें वॉरफेरिन घेणाऱ्यांचें रक्त अधिक पातळ होतें. हृदयाच्या ठोक्यांची लय राखणारीं कांहीं औषधें याच्याबरोबर चालत नाहींत. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांच्या जोडीनें झटके येण्याचा धोका वाढतो. फेंफऱ्याचा विकार ज्यांना आहे त्यांनीं तो आधींच सांगावा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर कंबरदुखीवर देतात ती टिझॅनिडिन मुळींच वर्ज्य. दम्यासाठीं थिओफिलिन घेणाऱ्यांच्या रक्तांत तें औषध सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळें सांचत जातें. चहा-कॉफींतील कॅफीनचेंहि तसेंच होतें. चार कप चहा पिणाऱ्याला झोंप येत नाहीं, छाती धडधडते, आणि तो म्हणतो औषध 'गरम' पडलें!

परंतु या औषधाचा जो दोष मला सर्वांत अधिक सांगावासा वाटतो, तो कंडरांचा. मांसपेशीला हाडाशीं जोडणाऱ्या दोरीसारख्या बंधाला आपल्या शास्त्रांत कंडरा म्हणतात. टांचेच्या वर, पोटरीच्या खालीं, बोटांनीं चांचपलें तर जी जाड दोरी हाताला लागते, ती देहांतील सर्वांत बळकट कंडरा. हें औषध घेतांना ती सुजूं शकते, आणि क्वचित् तुटते. कधीं पहिल्या कांहीं तासांत, तर कधीं औषध संपून कांहीं महिने लोटल्यावर. साठीपुढील माणसें, स्टेरॉइड घेणारे, आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस बदललेले रोगी यांना हा धोका अधिक. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २००८ सालीं याविषयीं चौकटींतील इशारा, म्हणजे त्यांच्याकडील सर्वांत कडक इशारा, या सबंध कुलावर छापावयास लावला.

आमच्यासारखेच सेवानिवृत्त झालेले एक शिक्षक-स्नेही, वय अडुसष्ट, दम्यासाठीं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेत. प्रवासांत पोट बिघडलें म्हणून मुलाच्या पाकिटांत उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या त्यांनीं पांच दिवस घेतल्या. टांच दुखूं लागली. ती दुखते म्हणजे चालणें कमी झालें, असा उलटा तर्क करून त्यांनीं सकाळचा फिरण्याचा पल्ला वाढविला. देवळाच्या पायऱ्या उतरतांना मागून कोणी काठी मारल्यासारखें वाटलें. वळून पाहिलें तर मागें कोणी नाहीं. कंडरा तुटली होती. कित्येक महिने पाय प्लास्टरमध्यें, मग काठी. जो मनुष्य आयुष्यभर वर्गांत उभा राहून शिकवीत आला, त्याला ओंवरीवर बसून रस्त्याकडे पाहावें लागलें. टांच दुखूं लागली त्या दिवशींच गोळी थांबवून, पायाला विश्रांति देऊन त्यांनीं डॉक्टरांना विचारलें असतें, तर हें बहुधा टळतें. असें दुखणें आलें कीं पुढची गोळी न घेतां डॉक्टरांना कळविणें, एवढेंच यांत करावयाचें असतें.

याच रीतीनें हातापायांत मुंग्या, जळजळ, बधिरपणा येऊं लागला, किंवा मन एकाएकीं भ्रमिष्ट, भयग्रस्त झालें, तरी औषध थांबवून विचारावें. मज्जातंतूंची ही इजा क्वचित् कायमची राहते. छातींत, पाठींत किंवा पोटांत अचानक असह्य कळ आली, भोंवळ येऊन शुद्ध हरपली, चेहरा-ओठ सुजून श्वास अडकूं लागला, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. हृदयांतून निघणारी महाधमनी ज्यांची आधींच फुगलेली आहे, त्यांना हें औषध दुसरा उपाय असतां देऊं नये, असा इशारा २०१८ च्या डिसेंबरांत देण्यांत आला. मायस्थेनिया नांवाचा स्नायुदौर्बल्याचा विकार ज्यांना आहे त्यांनाहि तें टाळावें. पातळ शौचाचा सपाटा लागला, आणि तो औषध संपल्यावर कांहीं आठवड्यांनीं लागला तरी, घरगुती बंधकारक औषध न देतां डॉक्टरांना सांगावें. उन्हानें कातडी लवकर भाजते, म्हणून भर दुपारीं फिरूं नये. लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना तें सहसा देत नाहींत. कोंवळ्या जनावरांवरील प्रयोगांत सांध्यांच्या कूर्चेला इजा झालेली आढळली आहे. मात्र प्लेगासारख्या संकटांत मुलांनाहि तें देतात, कारण तेथें प्राणाचा प्रश्न असतो.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग असलें औषध घ्यावेंच कशाला? हा प्रश्न भीतीचा आहे, विचाराचा नव्हे. न्युमोनियानें धाप लागलेल्या रोग्याच्या बाबतींत औषधाचा क्वचित् होणारा अपाय एका पारड्यांत आणि प्राण दुसऱ्या पारड्यांत असतो. तेथें डॉक्टरांनीं विचारपूर्वक लिहिलेली गोळी भीतीनें टाळणें हा वेडेपणा. साध्या सायनसच्या दुखण्यांत किंवा साध्या मूत्रदाहांत पारडें उलटें झुकतें. म्हणूनच २०१६ सालीं अमेरिकेंत असा आदेश निघाला कीं, सायनसचा दाह, जुन्या खोकल्याची उचल आणि स्त्रियांचा साधा मूत्रदाह यांवर दुसरा इलाज उपलब्ध असतां हें कुल वापरूं नये. किती दिवस घ्यावें, हेंहि ज्याचें त्यानें ठरवावयाचें नाहीं. 'बरें वाटलें म्हणून थांबविलें' हें जसें चूक, तसें 'चार दिवस जास्त घेतलें तर बरेंच' हेंहि चूक. न्युमोनियाच्या कित्येक रोग्यांना मोठ्या मात्रेचे पांच दिवस पुरतात असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

आतां क्षयाविषयीं दोन शब्द, कारण तो आपल्या देशाचा प्रश्न आहे. जगांत क्षयाचे सर्वांत जास्त रोगी हिंदुस्थानांत आहेत. लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूवरहि चालतें. दोन-तीन आठवडे खोकला हटत नाहीं म्हणून कोणी दुकानांतून हें औषध आणून घेतलें, आणि तो खोकला मुळांत क्षयाचा असला, तर काय होतें? कांहीं जंतु मरतात, खोकला कमी होतो, थुंकींत जंतु सांपडेनासे होतात, रोगी आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. रोग मात्र राखेखालीं राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां भडकतो. दरम्यान घरांतील पोराबाळांना त्याचा संसर्ग झालेला असतो. शिवाय जे जंतु उरले त्यांनीं या औषधाची ओळख करून घेतलेली असते. नेहमींच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर जीं मोजकीं अस्त्रें शिल्लक आहेत, त्यांत लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हीं मुख्य. तींच अशीं बोथट होतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला कीं प्रथम थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य होते. भल्या घरांत क्षय कसा असेल, ही लाज आतां सोडावी.

कायद्यानें आपल्याकडून होईल तें केलें आहे. १ मार्च २०१४ पासून लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आदि औषधें 'एच-१' या परिशिष्टांत गेलीं. तीं विकतांना लिहून देणाऱ्या डॉक्टरांचें नांव-पत्ता, रोग्याचें नांव आणि दिलेलें प्रमाण दुकानदारानें वेगळ्या वहींत नोंदवून ती वही तीन वर्षें जपून ठेवावयाची आहे. २०१६ सालापासून पट्टीवरील उभ्या लाल रेघेचा अर्थ सरकार लोकांना समजावून देत आलें आहे. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊं नये अशी खूण. पण ओळखीच्या दुकानदाराला "मागच्या वेळचीच द्या हो!" म्हणून सांगणारे आपणच असतों, आणि तो नाहीं म्हणाला तर रागावणारेहि आपणच.

त्या रागाची किंमत काय, हें विषमज्वराच्या इतिहासांत दिसतें. १९४८ सालीं मलायांतील क्वालालंपूर येथें क्लोरॅम्फेनिकॉलनें मुदतीचा ताप उतरतो असें सिद्ध झालें, आणि तीन-तीन आठवड्यांच्या त्या तापाची दहशत ओसरली. १९९० च्या सुमारास त्या औषधाला न जुमानणारे जंतु आपल्या देशांत पसरले. तेव्हां सिप्रोफ्लॉक्सॅसिन धांवून आलें. चार-पांच दिवसांत ताप उतरे. गल्लोगल्लीं, प्रत्येक तापाला, प्रत्येक हगवणीला तें दिलें गेलें. आज भारतांतील विषमज्वराचे बहुतेक जंतु त्याला पुरतेपणीं दाद देत नाहींत, आणि डॉक्टरांना सेफ्ट्रिअॅक्सोन किंवा अझिथ्रोमायसीन यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून डॉक्टर जेव्हां पहिल्या गोळीपूर्वीं रक्त, लघवी किंवा थुंकी तपासावयास पाठवितात, तेव्हां 'आधीं गोळी द्या, मग तपासा' असा हट्ट धरूं नये. एक गोळी पोटांत गेली तरी नमुन्यांत जंतु वाढेनासा होतो आणि कोणतें औषध त्याला लागू पडेल हें कळण्याचा मार्ग बंद होतो.

राहतां राहिल्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरांनीं औषध बदललें किंवा थांबविलें म्हणजे पट्टींत चार गोळ्या उरतातच, आणि टाकवत नाहींत म्हणून त्या फडताळांत जातात. आमच्या स्नेह्यांच्या टांचेची कथा तेथूनच सुरू झाली. दुकानदार परत घेत असेल तर त्या त्याला द्याव्या. मोरींत किंवा नदींत त्या मुळींच सोडूं नयेत. हैदराबादेजवळ पटांचेरू येथें औषधांच्या कारखान्यांचें सांडपाणी जेथें शुद्ध करतात, तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने स्वीडनच्या संशोधकांनीं तपासून २००७ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या पाण्यांत लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघालें. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तांतहि तें एवढें नसतें.